किल्लीची लांबी नंतर पाहू

‘सर, किल्ली 2048 बिटांची आहे, मग कशाला काळजी?’ सर्व्हरच्या कामावर नव्याने आलेली मुलं हे हमखास विचारतात. मी त्यांना डेबियनची हकीकत सांगतो.

डेबियन ही लिनक्सची नावाजलेली मोफत आवृत्ती. जगभरातले असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात. अशा सर्व्हरमध्ये लांबून शिरायला पासवर्डऐवजी जी गुप्त किल्ली वापरतात, ती म्हणजे एक अगडबंब संख्या. ती कुणाला ताडता येऊ नये म्हणून तिच्या मुळाशी कुठल्याच नियमात न बसणारे आकडे लागतात. सप्टेंबर 2006 मध्ये डेबियनमधल्या ओपनएसएसएल या किल्ल्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दोन ओळी काढून टाकल्या गेल्या. चुका हुडकणारं एक साधन त्यांच्याबद्दल कुरकुर करत होतं, म्हणून केलेली ती साफसफाई. हेतू चांगलाच होता. पण यंत्राने गोळा केलेली अनिश्चितता त्यातल्याच एका ओळीतून आत जात होती. ती ओळ गेली आणि उरला केवळ प्रोसेस क्रमांक, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला लिनक्स देतं तो नंबर. हे नंबर 32,767 वर संपत. म्हणजे एका जातीच्या यंत्रावर, एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या तेवढ्याच! सगळ्या आधीच बनवून ठेवल्या की एकेक लावून बघायची.

जवळजवळ पावणेदोन वर्षं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. लुसियानो बेलो यांनी ते शोधलं आणि 13 मे 2008 रोजी जाहीर सूचना निघाली. त्या आठवड्यात मी एकेका खात्याची किल्ली ‘एसएसएच-व्हल्नकी’ या कच्च्या किल्ल्या ओळखणाऱ्या साधनाने तपासत बसलो होतो. काही ओळींच्या सुरुवातीलाच ‘कॉम्प्रोमाइज्ड’ असं उमटायचं. त्या फाइली उघडून पाहिल्या, तर चांगल्या किल्लीशेजारी ठेवूनही फरक कळेना. लांबी तीच, अक्षरांची गिचमीडही तशीच. आजही मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती याचीच. कच्ची किल्ली दिसायला कच्ची नसते, त्यामुळे ती कुठून आली हेच विचारावं लागतं.

हे दुखणं एकट्या डेबियनचं नव्हतं. 2012 मध्ये नादिया हेनिंजर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या लक्षावधी सार्वजनिक किल्ल्या गोळा करून त्यांचे सामाईक विभाजक काढले. शाळेत शिकतो तो मसावि, दुसरं काही नाही. दोन किल्ल्यांत विभाजक सामाईक निघाला की दोन्ही फुटतात. तेवढ्यावर टीएलएस, म्हणजे इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणारी पद्धत, वापरणाऱ्या दर 200 यंत्रांमागे एकाची गुप्त किल्ली हाती लागली. त्यात राउटरसारखी छोटी यंत्रं पुष्कळ होती. पहिल्यांदा सुरू होताना त्यांना ना कीबोर्ड असतो ना माउस, डिस्कची हालचालही नसते. अनिश्चितता गोळा होण्याआधीच ती किल्ली बनवून मोकळी होतात.

क्लाउडवर एका सर्व्हरची प्रत काढून दहा उभे करतात, तिथेही मी हेच बघतो. प्रतीबरोबर जुन्या होस्ट-किल्ल्या, म्हणजे सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या, तशाच येतात. त्या पुसून, नवं यंत्र नीट सुरू झाल्यावर ‘एसएसएच-कीजेन -ए’ देऊन नव्या बनवायच्या आणि दहाही यंत्रांच्या किल्ल्यांचे फिंगरप्रिंट, म्हणजे छोटे ठसे, शेजारी ठेवून ताडून पाहायचे. दोन जुळले, तर त्या दिवशी एकही सर्व्हर चालू करायचा नाही.