अडुसष्ट कळांची पेटी

संगणकाचा कीबोर्ड कोपऱ्यावरच्या दुकानात पाच-सातशे रुपयांत मिळतो. असे असताना एक कळता-सवरता, पेन्शन खाणारा माणूस कीबोर्डसाठी सागवानाचे घर बांधायला चार महिने घालवतो, हे ऐकून वाचकांना हसू आले तर मी त्यांना दोष देणार नाही. आमच्या बिल्डिंगमधली मंडळी केव्हाच हसून मोकळी झाली आहेत. पण आधी कारण तर ऐकून घ्या!

आमच्या सौभाग्यवतींनी उभी हयात टंकलेखनात काढली. मराठी चाळीस शब्दांची परीक्षा पास होऊन ती कचेरीत लागली ती गोदरेजच्या यंत्रावर. (भारतात टंकलेखन यंत्र प्रथम तयार झाले ते 1955 साली, गोदरेजच्याच कारखान्यात.) निवृत्तीनंतर तिने छापखान्यांसाठी हस्तलिखिते टंकून देण्याचे काम घरी सुरू केले. रक्कम फार मोठी नसते. पण तिचे ते बँकेचे पुस्तक म्हणजे या घरातले एक स्वतंत्र संस्थान आहे, आणि तिथे माझा हुकूम चालत नाही. दोन वर्षांपूर्वी तिचे उजवे मनगट धरले. डॉक्टरांनी पट्टा दिला, विश्रांती सांगितली. दुखणे हटेना. शेवटी एका प्रकाशकाचे हस्तलिखित तिने न उघडताच परत पाठवले. त्या रात्री जेवताना ती एक शब्द बोलली नाही.

मी जन्मभर ड्राफ्ट्समनचे काम केलेला माणूस. दुखते कुठे हे विचारण्याआधी मी बसण्याचा कोन पाहतो. लॅपटॉपची कळ जेमतेम एक-दीड मिलिमीटर खाली जाते आणि बोट थेट तळाशी आदळते. कडक यंत्रावर वाढलेला हात तर आणखीच जोराने आदळतो. याउलट ज्याला मेकॅनिकल कीबोर्ड म्हणतात, त्यात प्रत्येक कळीखाली स्वतःचा स्विच आणि स्वतःची स्प्रिंग असते. कळ चार मिलिमीटर जाते, पण अक्षर साधारण अर्ध्या वाटेवरच उमटते. सुमारे 45 ग्रॅमच्या दाबाला हलणारे स्विच मिळतात. तळ गाठण्याची गरजच नाही!

आता स्विच, सर्किट बोर्ड, कळांच्या टोप्या हे सारे विकत मिळते. मग माणसाने करायचे काय उरले? तर उतार, उंची आणि आवाज. आणि या तिन्ही गोष्टी ठरवते ते खोके.

म्हणून पहिले खोके केले पुठ्ठ्याचे. खाली काड्यापेट्या आणि पत्ते सरकवून नऊ अंश, सहा अंश, तीन अंश असे उतार करून पाहिले. हिला सवय जुन्या यंत्राच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कळांची. तिला मागची बाजू उंच हवी वाटे. पण मागची बाजू जितकी चढेल तितके मनगट मागे वाकते, हे तिच्या हातानेच तिला तिसऱ्या दिवशी सांगितले. "अहो, तीनच राहू द्या," असा निकाल लागला.

मग कागद, पेन्सिल. एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीचा मध्य 19.05 मिलिमीटर, म्हणजे बरोबर पाऊण इंच. मुद्रिते दुरुस्त करताना बाणांच्या कळा हव्यातच, म्हणून 68 कळांचा, सोळा घरे लांब आणि पाच ओळी रुंद असा कीबोर्ड घेतला. गुणाकार वाचकांनी स्वतः करून पाहावा: 304.8 बाय 95.25. जाता जाता एक गंमत. या ओळी एकाखाली एक सरळ नसतात, थोड्या सरकलेल्या असतात. टंकलेखन यंत्रात प्रत्येक कळीची दांडी दुसरीला न अडता मागे जावी म्हणून ती सोय होती. दांड्या कधीच गेल्या, सरकलेल्या ओळी राहिल्या. सासूबाई जातात, त्यांनी लावलेले मांडणीचे डबे मात्र हलत नाहीत, तसे.

स्विच ज्या पत्र्यात बसतात त्याची भोके 14 मिलिमीटर चौरस आणि पत्रा दीड मिलिमीटर जाड असावा लागतो. स्विचच्या बाजूच्या खुंट्या तेवढ्याच जाडीला पकडतात. हा पत्रा भोसरीला लेझरवर कापून घेतला. माझे शाईने काढलेले रेखाचित्र पाहून तिथला मुलगा म्हणाला, "काका, हे फ्रेम करून ठेवा, मला फाईल द्या." फाईल भाच्याने करून दिली.

लाकूड मात्र मी कुणावर सोपवले नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात पाडलेल्या वाड्याच्या तुळईचा सागवानी तुकडा मिळाला. जुने लाकूड पुरते वाळलेले असते. तरी पावसाळ्यात लाकूड थोडे फुगणारच, आणि फुगते ते रेषांच्या आडव्या दिशेने; लांबीत जवळजवळ नाही. म्हणून रेषा लांबीत ठेवल्या, आणि आतल्या पोकळीत लांबीला एकूण 2.2 मिलिमीटर तर रुंदीला पावणेतीन मिलिमीटर सूट ठेवली. आत 307 बाय 98, भिंती आठ-आठ मिलिमीटरच्या, पुढची उंची 20, मागची 26.

आमचे मिस्त्री हार्मोनियमची खोकी दुरुस्त करण्यात मुरलेले. त्यांनी आधी तुकड्यावरून लोहचुंबक फिरवून दोन जुने खिळे शोधून काढले, मग माझा कागद नाकाशी धरला. "काका, अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब तर गवईसुद्धा मागत नाही!" पण पटाशीने आतली पोकळी अशी कोरली की बोट फिरवावे आणि लोण्याची आठवण यावी. लाकडात स्क्रू वरचेवर काढघाल केला की आटे झिजतात, तेव्हा पितळी आट्याच्या नळ्या बसवल्या. मग त्यांनी रिकाम्या खोक्यावर बोटाच्या पेराने टकटक केले. "पोकळ बोलतंय. पेटीत आवाज फुटायला हवा, तुमच्या पेटीत तो मुरायला हवा. नमदा घाला तळाला." घातला. पहाटे पाचला ही कामाला बसते आणि आमच्या भिंती पातळ आहेत, हे लक्षात घेता त्या सल्ल्याने शेजारधर्म वाचवला.

चकचकीत पॉलिशला मी नकार दिला. दिव्याची तिरीप डोळ्यांवर येते आणि घामाने तकाकी उडते ती उडतेच. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. घरी कुणी करणार असेल तर एक सांगून ठेवतो. त्या तेलाची चिंधी चुरगळून टाकू नये, पसरून वाळवावी. बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो.

टोप्यांवर फक्त इंग्रजी अक्षरे होती. मराठी कोरून घेऊ का, असे मी विचारले. ही म्हणाली, "कशाला? माझ्या बोटांना वाचता कुठं येतं? त्यांना जागा ठाऊक आहेत."

मनगट पूर्ण बरे झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. पट्टा आहेच, आणि तासाभराने उठून हात मोकळे करावे लागतात. पण गेल्या महिन्यात तिने एक 312 पानांचे प्रवासवर्णन अंगावर घेतले आणि पानामागे पाच रुपये दर वाढवला. प्रकाशकांनी वाढीचे कारण विचारले, तेव्हा "सागवान महाग झालंय" असे उत्तर तिने दिले म्हणे.