बचावफळीतून बाकावर

लेखमाला : मैदानाबाहेरचा खेळ – लेखांक ९

फुटबॉलमध्ये एक समज फार जुना आहे : बचावपटूच पुढे चांगला प्रशिक्षक होतो. त्याचं कारणही पटण्यासारखं सांगितलं जातं. आघाडीचा खेळाडू गोलकडे तोंड करून धावतो, मागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. मधल्या बचावपटूसमोर मात्र सगळं मैदान उघडं असतं. कोण जागा सोडून भटकतोय, कुठे फट पडतेय, हे तो नव्वद मिनिटं बघत असतो आणि ओरडून सांगतही असतो. निवृत्तीनंतर हेच काम रेषेबाहेर उभं राहून करायचं, बाकी फरक काय? असा हा युक्तिवाद. तो तपासायचा तर माद्रिदच्या आधी मडगावला गेलेलं बरं, कारण आपल्याला जवळचं आणि पुरेसं बोलकं उदाहरण तिथेच सापडतं.

कार्लोस पेन्या हा १९८३ साली सालामांकात जन्मलेला डावखुरा बचावपटू. बार्सिलोनाच्या ‘ब’ संघातून सुरुवात, मग आल्बासेते, रेक्रेआतिवो, वायादोलिद, ओविएदो असा स्पेनच्या पहिल्या-दुसऱ्या श्रेणीतला प्रवास. मोठा तारा नव्हे, पण भरवशाचा माणूस. २०१८ मध्ये वयाच्या पस्तिशीत तो एफसी गोवा संघात आला. स्पेनमध्ये तो बहुतेक डाव्या बगलेला खेळला होता; गोव्यात प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला मधे, मुर्तदा फॉलच्या जोडीला उभं केलं. उंचापुरा फॉल हवेतले चेंडू काढायचा आणि पेन्या जमिनीवरून अचूक पास देत चढाई मागूनच सुरू करायचा. मार्च २०१९ मध्ये हा संघ इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. मुंबईत झालेल्या त्या सामन्यात अतिरिक्त वेळ संपत आला असताना बेंगळुरूच्या राहुल भेकेने डोक्याने गोल केला आणि गोवा १-० हरला. (भेके मुंबईचाच, शिवाय तोही बचावपटू.) महिन्याभरात गोव्याने भुवनेश्वरला चेन्नईयिनचा २-१ असा पराभव करून सुपर कप जिंकला, आणि पुढच्या मोसमात साखळीत पहिला क्रमांक मिळवून पहिलीवहिली लीग विनर्स शील्डही आणली. त्यानंतर, २०२० मध्येच, पेन्याने खेळणं थांबवलं.

एप्रिल २०२२ मध्ये गोव्याने त्याच पेन्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं. क्लबची पद्धत त्याला ठाऊक, भारतीय खेळाडू ओळखीचे, हवामान सवयीचं, लोकांचं प्रेम तर होतंच. कागदावर याहून योग्य माणूस सापडला नसता. प्रत्यक्षात २०२२-२३ च्या मोसमात गोवा सातवा आला. नेमकं त्याच वर्षी बाद फेरीत चारऐवजी सहा संघ घ्यायला सुरुवात झाली होती, तरीही दार एका जागेने हुकलं. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे संघ गोल करण्यात मागे नव्हता. इकेर ग्वारोचेना आणि नोआ सदावी गोल करत होते. संघ गळत होता मागच्या बाजूला. बचावपटूने घडवलेल्या या संघाने वीस सामन्यांत तीसहून जास्त गोल खाल्ले, तर मानोलो मार्केस यांच्या हैदराबादने त्याच्या निम्म्याच्या आसपास.

असं का व्हावं? पेन्याला बचाव कळत नव्हता असं म्हणणं मूर्खपणाचं होईल. माझ्या मते त्याला जो बचाव कळत होता तो एका विशिष्ट संघाचा होता. लोबेरांचा गोवा बचावाची रेषा पुढे चढवून खेळायचा. अशा खेळात मागे मोठं मोकळं रान सुटतं. ते धोक्याचं ठरत नव्हतं, कारण चेंडू गेल्या क्षणी मधल्या फळीतले अहमद जाहू आणि ह्युगो बुमूस प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडायचे आणि लांब पास निघायच्या आतच तो अडायचा. म्हणजे पेन्याचं अर्धं संरक्षण त्याच्या वीस पावलं पुढे चाललेलं होतं. खेळाडूला ते आयतं मिळतं, त्याने फक्त आपली जागा राखायची. प्रशिक्षकाला ते सोमवारपासून उभं करावं लागतं : कोणी, कधी, किती अंतरावरून दाबायचं हे बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांच्या अंगवळणी पडेपर्यंत. मैदान दिसणं आणि आपल्याला दिसतं ते दुसऱ्याच्या पायात उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं पंधरा वर्षं खेळून येतं, दुसरं मुळीच येत नाही.

यावर गोव्याचा चाहता म्हणेल की हा अन्याय झाला. आधीच्या मोसमात गोवा नववा होता, पेन्याने त्याला दोन पायऱ्या वर नेलं. एका वर्षात आणखी काय व्हायचं? आक्षेपात तथ्य आहे. त्या आधीच्या मोसमात प्रशिक्षक हुआन फेरांदो मध्यावरच कोलकात्याला निघून गेले होते, घडी विस्कटलेली होती. पण पुढचं पाहा. २०२३ मध्ये पेन्याच्या जागी मार्केस आले. खेळाडू म्हणून त्यांचं नाव स्पेनमध्येही फारसं कुणी घेत नाही, पण स्पेनच्या खालच्या श्रेणींत त्यांनी वर्षानुवर्षं संघ सांभाळले होते. गोवा पहिल्या वर्षी तिसरा आणि दुसऱ्या वर्षी दुसरा आला. काही खेळाडू बदलले, हे मान्य. तरी नववा, सातवा, तिसरा, दुसरा या चढणीतली मोठी उडी कुणाच्या हाती झाली, ते दिसतंच आहे. लोबेरांनाही खेळाडू म्हणून नाव नव्हतं. त्यांची शाळा म्हणजे बार्सिलोनाचे युवा संघ.

आता स्पेनकडे वळू, कारण एका क्लबवरून नियम काढणं धाडसाचं. फर्नांदो हिएरो हा रेआल माद्रिदचा दिग्गज मध्य बचावपटू. देशासाठी ८९ सामने आणि त्यात २९ गोल. २०१८ च्या विश्वचषकात स्पेनच्या पहिल्या सामन्याला दोन दिवस उरले असताना प्रशिक्षक लोपेतेगी यांना काढून संघ हिएरोच्या हाती दिला गेला. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याच्या गाठीला ओविएदोचा एक मोसम होता. रशियाविरुद्ध स्पेनने हजारावर पास दिले आणि पेनल्टींवर सामना गमावला. दोन दिवसांत कुणीही काय केलं असतं, हा बचाव रास्तच आहे. प्रश्न नेमणुकीमागच्या विचाराचा आहे : एवढा मोठा खेळाडू आहे, निभावून नेईल.

त्याच्याशेजारी लुईस दे ला फुएंते ठेवा. तेही बचावपटू, डाव्या बगलेचे. आथलेतिक बिल्बाओकडून दोनदा लीग जिंकली, पण स्पेनच्या वरिष्ठ संघाची जर्सी कधी मिळाली नाही. निवृत्तीनंतर छोटे क्लब, मुलांचे संघ, आणि २०१३ पासून स्पेनचे युवा संघ. २०१५ मध्ये त्यांनी १९ वर्षांखालील युरो जिंकला. त्या चमूत उनाई सिमोन, रोद्री आणि मिकेल मेरिनो होते. २०१९ मध्ये २१ वर्षांखालील युरो, टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्य. जुलै २०२४ मध्ये बर्लिनला त्यांनी इंग्लंडला २-१ हरवून वरिष्ठ युरो जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीविरुद्ध ११९व्या मिनिटाला गोल करणारा मेरिनो आणि अंतिम सामन्यात ८६व्या मिनिटाला विजयी गोल करणारा ओयार्साबाल हे दोघेही बदली म्हणून उतरलेले होते. आपल्या बाकावर काय आहे हे ज्या माणसाला दहा वर्षं माहीत आहे, त्याचेच असे निर्णय बरोबर लागतात. याला नशीब म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, पण मला ते पटत नाही.

‘मग ग्वार्दिओलाचं काय? झिदानचं काय?’ हा हमखास प्रश्न. ते बचावपटू नव्हते ही गोष्ट बाजूला ठेवू. ग्वार्दिओलाने आधी बार्सिलोनाचा ‘ब’ संघ चौथ्या श्रेणीत सांभाळला. झिदान आन्चेलोत्तींचा सहायक होता, मग रेआलचा राखीव संघ. झाबी आलोन्सो तीन वर्षं रेआल सोसिएदादच्या ‘ब’ संघात राबला, त्यानंतर लेव्हरकुसेन. लोकांच्या लक्षात खेळाडू राहतो आणि मधली ही उमेदवारी विसरली जाते. पेन्याच्या वाट्याला ती पुरेशी आलीच नाही, आणि त्यात क्लबची घाई त्याच्याइतकीच जबाबदार आहे. हीच चूक गोव्याने आपल्या माणसांच्या बाबतीत केली नव्हती. डेरिक परेरा हे साळगावकरचे जुने बचावपटू. त्यांनी महिंद्र युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली आणि नंतर गोव्याच्या युवा फळीचं कामही पाहिलं. क्लिफर्ड मिरांडा सहायकपदावर शिकले, म्हणूनच २०२० मध्ये लोबेरा अचानक गेल्यावर शील्डपर्यंतचा शेवटचा टप्पा ते सांभाळू शकले.

बुलढाण्याच्या वाचकाला हे सगळं लांबचं वाटू नये. आपल्या जिल्ह्यात फुटबॉल शालेय स्पर्धांपुरता, सुब्रतो चषकाच्या तालुका-जिल्हा फेऱ्यांपुरता आहे. पण धनुर्विद्येत याच बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला हरवलं आणि त्याच वर्षी हांगझोऊला आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवलं. त्याचे प्रशिक्षक बुलढाणा पोलीस दलातले चंद्रकांत इलग. त्यांचं नाव लोकांपर्यंत पोहोचलं ते शिष्यांमुळे. फुटबॉलसाठी मात्र मंडळं आणि संस्था अजूनही माणूस शोधताना ‘तो कुठे खेळला’ एवढंच विचारतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची डी, सी, बी, ए आणि प्रो अशी परवान्यांची शिडी आहे. खामगाव, मलकापूर, चिखलीतल्या शाळांनी आणि मंडळांनी पुढच्या मोसमाआधी आपल्या क्रीडाशिक्षकांपैकी एकाला तरी डी परवान्याच्या शिबिराला पाठवावं, आणि त्याची रजा व प्रवासखर्च संस्थेने सोसावा. पुढच्या आठवड्यात धेंपो संघाला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणाऱ्या आर्मांडो कुलासो यांच्याविषयी.