ऑर्किडचें नवें रोप आणि त्याच्याबरोबर येणारे पाहुणे

पुष्पप्रदर्शनांतून किंवा रोपवाटिकेंतून ऑर्किडचें एखादें फुललेलें रोप घरीं आणण्याची हौस हल्लीं आपल्या शहरांतून पुष्कळच वाढली आहे. आपल्या भाषेंत ज्यांस आमरी म्हणतात त्याच कुळांतील हीं झाडें. सह्याद्रींतील वृक्षांवर लोंबणारी सीतेची वेणी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस ह्या कुळाची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. एक गैरसमज मात्र आरंभींच दूर केला पाहिजे. झाडावर वाढतें म्हणून कित्येक लोक ऑर्किडला बांडगूळ समजतात. बांडगूळ आपल्या आश्रयदात्याचा रस शोषून घेतें. ऑर्किड नुसतें बसण्यापुरती जागा घेतें, आणि आपलें अन्नपाणी हवेंतून, पावसांतून व सालीवर सांचलेल्या पालापाचोळ्यांतून मिळवितें. रस शोषणारे निराळेच असतात, आणि त्यांच्याविषयींच येथें लिहावयाचें आहे.

रोपवाटिकेंत शेंकडों रोपें एकमेकांस खेटून वाढत असतात. त्यांतील एकावर कीड पडली, तरी शेजाऱ्यांवर जाण्यास तिला पंखांची गरज लागत नाहीं. पानास पान लागलें कीं पूल तयार होतो. विकत घेतांना आपलें लक्ष असतें फुलांकडे, आणि कीड असते पानाच्या पाठीमागें, दोन पानांच्या बेचक्यांत किंवा फुगीर खोडावरील वाळक्या पापुद्र्याखालीं. रोप घरीं येतें, आपण तें मोठ्या कौतुकानें जुन्या कुंड्यांच्या रांगेंत मधोमध ठेवतों, आणि दोन महिन्यांनीं सारीच रांग पिवळी पडूं लागते.

ह्या पाहुण्यांत सर्वांत चिवट म्हणजे खवले कीड. ही प्रथम पाहणाऱ्यास कीड वाटतच नाहीं. पानावर तपकिरी किंवा पांढुरका ठिपका पडला आहे असेंच वाटतें. नखानें हलकेच खरवडून पाहावें. ठिपका पानाचाच असेल तर तो निघत नाहीं. कीड असेल तर खवला सुटून येतो. त्या खवल्याखालीं मादी आपली सोंड पानांत रोवून बसलेली असते. कठीण कवचाच्या जातींत ती एकदां बसली कीं पुन्हां हलत नाहीं. तिचे पायही झडून जातात. तेथेंच ती खाते, तेथेंच अंडीं घालते आणि तेथेंच मरते. अंड्यांतून निघालेलीं पिल्लें मात्र सहा पायांचीं व हिंडतीं असतात. तीं इतकीं बारीक असतात कीं भिंगावांचून त्यांस पाहणें कठीण. हीं पिल्लें कांहीं तास किंवा फार तर एक-दोन दिवस रांगत फिरतात, जागा निवडतात, सोंड रोवतात आणि आपल्याभोवतीं कवच बांधूं लागतात. वाऱ्याबरोबर, आपल्या हाताबरोबर किंवा कपड्याबरोबर दुसऱ्या कुंडींत जाणारीं तीं हींच. (बांगड्यांची व पत्रांवरील मोहोरेची लाख ज्या किड्यांपासून मिळते तेही ह्यांचेच भाऊबंद होत.)

दुसरा पाहुणा पिठ्या ढेकूण. ह्याच्या अंगावर मेणाची पांढरी पूड असते, त्यामुळें पानाच्या बेचक्यांत कापसाचा कण अडकल्यासारखें दिसतें. हा मुळांतही दडून बसतो. पिठ्या ढेकूण आणि मऊ कवचाची खवले कीड हे दोघेही जरुरीपेक्षां जास्त रस पितात आणि उरलेली साखर चिकट थेंबांच्या रूपानें बाहेर टाकतात. त्या गोडीसाठीं मुंग्या येतात आणि गवळ्यानें गाई राखाव्या त्याप्रमाणें ह्या किड्यांची राखण करतात. म्हणून ऑर्किडच्या कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली कीं मुंग्यांवर रागावण्याऐवजीं त्या कोणाकडे चालल्या आहेत हें पाहावें. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पुष्कळ ऑर्किडांच्या कळ्यांच्या देठांशीं निरोगी स्थितींतही मधाचे स्वच्छ थेंब सुटतात. तेवढ्यावरून घाबरूं नये. पानें चिकट होऊन त्यांवर काजळी धरूं लागली, तर मात्र शोध घेतलाच पाहिजे.

लाल कोळी हा कीटक नव्हेच. आठ पायांचा, घरांतील कोळ्याचाच नातलग. कोरड्या उन्हाळ्यांत तो फार माजतो. पानाची पाठ रुपेरी, बारीक टिपक्यांची दिसूं लागली तर पांढरें फडकें ओलें करून पुसावें. फडक्यावर तांबूस डाग आला कीं ओळख पटली. कीटकांसाठीं विकलीं जाणारीं बरींच औषधें ह्याच्यावर चालत नाहींत. पाण्यानें पानें वरचेवर धुणें व भोंवतालची हवा दमट ठेवणें हाच पहिला इलाज. फुलकिडे फुलांत शिरून पाकळ्यांवर तपकिरी ओरखडे पाडतात. तो फुलोरा कापून पिशवींत बांधून टाकावा, आणि त्याचा मोह धरूं नये.

आतां मुख्य गोष्ट. नवें रोप कितीही स्वच्छ दिसलें तरी तें पहिला एक महिना इतर रोपांपासून दूर, शक्य तर दुसऱ्या खोलींत किंवा दुसऱ्या खिडकींत ठेवावें. २०२० सालच्या साथींत विलगीकरण हा शब्द घरोघरीं पोहोंचला. पण ही रीत फार जुनी आहे. १३७७ सालीं एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा ह्या बंदरानें, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकनें, प्लेगच्या गांवांहून येणाऱ्यांस ३० दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढें ही मुदत ४० दिवसांची झाली, आणि इटालियन भाषेंतील चाळीस ह्या अर्थाच्या शब्दावरूनच क्वारंटीन हा शब्द निघाला. वनस्पतींनाही हाच न्याय लागतो. आपल्या देशांत १९१४ सालीं घातक किडींना बाहेरून येण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, तो ह्याच कारणासाठीं.

एखादी बाहेरची कीड काय करूं शकते ह्याचें प्रसिद्ध उदाहरण कॅलिफोर्नियांतील आहे. १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांतील बाभळीच्या जातीच्या रोपांबरोबर एक कापशी खवले कीड तेथें आली आणि वीस वर्षांच्या आंत तिनें संत्र्या-लिंबांच्या बागा उजाड करीत आणल्या. मायदेशीं ती इतकी माजत नसे, कारण तेथें तिला खाणारे शत्रू होते. १८८८ सालीं आल्बर्ट कोबेले ह्या कीटकशास्त्रज्ञास ऑस्ट्रेलियास पाठविण्यांत आलें. त्यानें पाठविलेल्या एका लहानशा ढालकिड्यानें थोड्याच काळांत तिला आटोक्यांत आणलें. आपल्या खिडकींतल्या ऑर्किडची स्थितीही अशीच असते. रानांत ढालकिडे, गांधीलमाशांच्या जातीचे सूक्ष्म कीटक आणि धोधो पाऊस किडीस आवर घालतात. खिडकींत ह्यांपैकीं कोणीच येत नाहीं. तें काम आपणांस करावें लागतें.

त्या महिन्यांत आठवड्यांतून एकदां रोप उजेडांत धरून भिंगानें पाहावें. वाळके पापुद्रे हलकेच सोलून काढावे. कुंडींतील कोळसा, सोडणाचे तुकडे किंवा साल कुजलेली असेल, तर फुलें ओसरल्यावर तें सारें टाकून मुळें धुवावीं व नव्या सामग्रींत रोप बसवावें. कात्री वापरण्याआधीं तिचें पातें ज्योतीवर तापवून घ्यावें, कारण ऑर्किडचे कांहीं विषाणुरोग कात्रीबरोबरच एका झाडावरून दुसऱ्यावर जातात.

किडे थोडे असतील तर औषधाच्या फवाऱ्यापेक्षां हात बरा. औषधांच्या दुकानांत शेंकडा ७० चें आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतें, तें कापसाच्या बोळ्यावर घेऊन एकेक किडा पुसून काढावा. हें काम वडील मंडळींच्या देखत आणि विस्तवापासून दूर करावें. कात्री तापविण्याचें काम आणि हें काम एका वेळीं करूं नये. कवच घट्ट बसलें असेल तर मऊ दांतघांशीनें सोडवावें. किडे पुष्कळ असतील तर एक लिटर पाण्यांत लहान चमचाभर पातळ, सौम्य साबण मिसळून पानांच्या दोन्ही बाजू चिंब कराव्या. कपडे धुण्याची पूड वापरूं नये, तिनें पानें भाजतात. साबणानें किड्याच्या अंगावरील मेणट आवरण मोडतें व तो सुकून मरतो; पण साबण ज्याला लागला तोच मरतो, सुकल्यावर त्याचा गुण राहत नाहीं. कडुनिंबाचें तेल वापरावयाचें तर तेंही लिटरास ५ मिलिलिटर, साबणाच्या पाण्यांत घोटून घ्यावें. आधीं एकाच पानावर लावून दोन दिवस वाट पाहावी. फवारा संध्याकाळीं मारावा, उन्हांत नव्हे, आणि फालेनॉप्सिससारख्या रोपाच्या गाभ्यांत पाणी सांचलें तर तें कापसानें टिपून घ्यावें, नाहीं तर गाभाच कुजतो.

एवढें करूनही एका वेळेनें भागत नाहीं, आणि बहुतेक लोक फसतात ते येथेंच. मेलेल्या मादीच्या कवचाखालीं अंडीं जशींच्या तशीं असतात. आठ-दहा दिवसांनीं त्यांतून पिल्लें निघतात आणि औषध चाललें नाहीं अशी तक्रार सुरू होते. औषध चाललें होतें. अंडीं राहिलीं होतीं. म्हणून दर आठ दिवसांनीं, निदान चार वेळां, तोच उपचार करावा, आणि शेवटचा किडा दिसल्यापासून पुन्हां एक महिना मोजावा. घरांत लहान मुलें असतां तीव्र विषारी औषधें आणण्याची घाई करूं नये. घरांतील कुंड्यांसाठीं तीं क्वचितच लागतात.

कधीं कधीं मात्र खोडापासून मुळांपर्यंत सारें रोप किडीनें भरलेलें आढळतें. अशा वेळीं तें ठेवावें कीं टाकावें ह्याचा विचार त्याच्या किंमतीवरून न करतां, पलीकडच्या खिडकींतील दहा कुंड्यांकडे पाहून करावा. टाकावयाचें ठरल्यास रोप व त्याची सामग्री पिशवींत घट्ट बांधून कचऱ्यांत द्यावी, बागेच्या खड्ड्यांत टाकूं नये. कुंडी कढत पाण्यानें धुवावी. आणि त्या दिवशीं इतर रोपांना पाणी घालावयाचें असेल, तर तें ह्या रोपास हात लावण्यापूर्वींच घालावें.