घरात एकच बाइक, तीही क्रूझर: जमेल का?

सुप्याजवळ पुणे–अहिल्यानगर महामार्गाला लागलात की क्रूझरसारखी मजा नाही. बजाज अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझच्या सीटची उंची अवघी ७३७ मिलिमीटर, त्यामुळे बुटक्या माणसाचेही दोन्ही पाय जमिनीला टेकतात. दोन चाकांमधलं अंतर १,४९० मिलिमीटर, म्हणून सरळ रस्त्यावर गाडी स्थिर चालते.

पण पारनेर तालुक्यात घरात एकच गाडी असली की शेत, डेअरी, बाजार सगळं तिच्यावरच. साध्या बाइकचे फूटरेस्ट आपल्या खाली असतात. खड्डा दिसला की पायांवर जोर देऊन थोडं उठता येतं. क्रूझरवर पाय पुढे पसरलेले असतात. उठता येत नाही आणि दणका थेट कमरेत बसतो. लांब गाडीला वळायला जागाही जास्त लागते. सुमारे १६३ किलोची गाडी चिखलातून मागे ओढणं तर घाम काढतं.

मग घ्यावी का? रविवारचा नाही, सोमवार ते शनिवारचा रस्ता बघा. तो डांबरी असेल तर खुशाल घ्या. पाणंद रस्ता असेल, तर मागे घरच्या माणसाला बसवून आधी तिथेच टेस्ट राइड घ्या. पैसे नंतर भरा.