पानं पचवणारा काळतोंड्या

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ हे गाव एकाएकी देशोदेशीच्या बातम्यांत झळकलं. गावात वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून नेत होती. पिल्लू पोटाशी धरायचं, झाडावर नाहीतर उंच घराच्या छतावर चढायचं आणि तिथेच घेऊन बसायचं. वर अडकलेली पिल्लं भुकेनं मरत होती, काही खाली पडून मरत होती. शेवटी नागपूरहून वन विभागाचं पथक आलं आणि दोन वानरं पकडून घेऊन गेलं.

तोवर गोष्ट फार पुढे गेली होती. कुत्र्यांनी वानराचं एक पिल्लू मारलं, म्हणून वानरांनी सूड उगवला आणि अडीचशे कुत्र्यांना संपवलं, अशी कथा समाजमाध्यमांतून जगभर फिरली. अडीचशेचा आकडा गावातल्या सांगण्यावरून आलेला होता आणि त्यावर लवकरच शंकाही घेतल्या गेल्या. पण आकड्यापेक्षा सुडाची कल्पना लोकांना जास्त भावली. वानर आपल्याइतकं जवळचं आणि आपल्यासारखं दिसणारं असल्यामुळे त्याच्या प्रत्येक कृतीला आपण आपलीच भावना चिकटवतो. खरं वानर कसं जगतं, हे मात्र अंगणात त्याला बघत मोठे झालेल्यांनाही फारसं ठाऊक नसतं.

सुरुवात नावापासूनच करावी लागते. बोलताना आपण सगळ्यांनाच माकड म्हणतो, पण जुन्या जाणत्या माणसांच्या तोंडी अजूनही हा फरक पक्का आहे. तांबूस तोंडाचं, आखूड अंगाचं, हातातली पिशवी हिसकावणारं ते माकड. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, लांबलचक शेपटीचं ते वानर. त्यातला मोठा नर म्हणजे हुप्या. शास्त्रज्ञही हा भेद मानतात, कारण दोघांच्या शरीराची घडण वेगळी आहे. माकडाच्या गालांत पिशव्या असतात. मिळेल ते गालांत कोंबायचं आणि सुरक्षित जागी जाऊन खायचं, अशी त्याची रीत. वानराला गालपिशव्या नाहीत. त्याच्याकडे पिशवी आहे ती पोटात.

वानराचं पोट हा निसर्गातला एक मोठा चमत्कार आहे. माणसाला पानं पचत नाहीत. पालेभाजी आपण खातो, पण तिच्यातला तंतुमय भाग तसाच बाहेर पडतो. वानराचा बराचसा आहार मात्र पानांचाच. वड, पिंपळ, उंबर, पळस यांची कोवळी पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं आणि बिया यांवर ते जगतं. त्यासाठी त्याचं जठर अनेक कप्प्यांचं झालेलं आहे. पुढच्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी जीवाणू राहतात. ते पानांतला कठीण तंतू आंबवून फोडतात आणि त्यातून निघणारी आम्लं वानराला ताकद देतात. पानांतली काही विषारी द्रव्यंही याच कप्प्यात निकामी होतात. ही सारी व्यवस्था गाईच्या पोटासारखी आहे, फक्त गाईसारखं रवंथ वानर करत नाही.

गाईशी असलेलं हे साम्य वरवरचं नाही. आपल्या अश्रूंत आणि लाळेत लायसोझाइम नावाचं एक विकर असतं. ते जीवाणूंच्या भिंती फोडतं. गाईच्या शरीरात हेच विकर जठरात काम करतं. पानं आंबवून झालेल्या जीवाणूंना ते फोडतं आणि त्यांच्यातली प्रथिनं गाईच्या पदरात पडतात. १९८७ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या कॅरो-बेथ स्ट्यूअर्ट, अ‍ॅलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी वानराच्या जठरातलं लायसोझाइम तपासलं. गाय आणि वानर यांच्या कुळांची ताटातूट होऊन कोट्यवधी वर्षं लोटली आहेत. तरीही वानराच्या विकरात जे बदल झाले होते, त्यांतले काही अगदी गाईच्या विकरात झाले तेच होते. एकाच अडचणीवर दोन दूरच्या प्राण्यांनी स्वतंत्रपणे एकच तोड काढल्याचा हा पुरावा. उत्क्रांतीच्या पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण आजही दिलं जातं, आणि ते भारतातल्या गावोगावच्या वडांवर बसलेल्या प्राण्याचं आहे.

दुपारी बारा-एकच्या सुमारास एखाद्या देवळामागच्या वडाखाली उभं राहिलं, तर या पोटाचं काम डोळ्यांना दिसतं. सकाळभर ओरबाडून खाल्लेला कळप आता फांद्यांवर सुस्तावलेला असतो. पोटं टम्म फुगलेली, पाय दोन्ही बाजूंना लोंबकळलेले. एखादी वानरी दुसरीच्या पाठीवरचे केस बोटांनी विंचरत असते. मध्येच काहीतरी चिमटीत धरून तोंडात टाकते. आपण म्हणतो उवा काढतात. परजीवी, मळ, कातडीचे सुटे कण असं काहीबाही ती वेचत असते खरी, पण त्या वेचण्यातून दोघींचं नातंही जपलं जातं. ही सुस्ती आळसाची नाही. पानं पचायला वेळ लागतो आणि त्यांतून मिळणारी ताकदही बेताचीच असते.

भीतीचा प्रसंग आला की हाच प्राणी क्षणात वेगळा दिसतो. वानराची उडी सपाटीवर चारेक मीटरची, आणि उंचावरून खाली येताना दहा मीटरच्याही पुढे जाते. त्या वेळी मागचे लांब पाय स्प्रिंगसारखे काम करतात आणि अंगापेक्षाही लांब असलेली शेपटी तोल सावरते. दक्षिण अमेरिकेतली काही माकडं शेपटीनं फांदी धरतात, तसं वानराला जमत नाही. त्याच्या हाताचा अंगठाही आखूड असतो. बाकीची चार बोटं मात्र लांब आणि आकडीसारखी वळणारी असतात.

शेपटीवरून आठवलं. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे एकेकाळचे संचालक एम. एल. रूनवाल यांनी वानरांच्या शेपट्यांची ठेवण बारकाईनं पाहिली. उत्तरेतली वानरं चालताना शेपटीची कमान पाठीवरून डोक्याकडे झुकवतात. दक्षिणेतल्यांची शेपटी मागच्या बाजूला वळून खाली पडते. या दोन तऱ्हांची ढोबळ सीमा तापी आणि गोदावरीच्या आसपास येते, म्हणजे थेट महाराष्ट्रातून जाते. आता तर उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची वानरं वेगळ्या जातींत मोडतात असंच मानलं जातं. पुढच्या वेळी रस्त्याकडेला कळप दिसला की शेपटी कुठे झुकली आहे, हे वाचकांनी जरूर बघावं.

आता कळपाच्या आत डोकावू. कळपात बहुधा एक हुप्या, अनेक माद्या आणि त्यांची पिल्लं असतात. काही भागांत एकापेक्षा जास्त नर असलेले कळपही आढळतात. मुली जन्मभर आईच्या कळपात राहतात, मुलगे वयात येण्याच्या सुमारास बाहेर पडतात आणि नरांच्या टोळ्यांत सामील होतात. त्यामुळे कळपाचा कणा म्हणजे आई, मावश्या, आज्या आणि बहिणी. साडेसहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू जन्मतं. त्याचे केस काळसर तपकिरी आणि तोंड गुलाबी असतं, मोठ्यांच्या नेमकं उलट. जन्मल्यावर काही तासांतच ते हातोहात फिरू लागतं. एक मावशी घेते, तिच्याकडून दुसरी ओढून घेते, एखादी तरुण वानरी ते उलटंच धरते आणि पिल्लू किंचाळलं की आई धावत येऊन परत घेते. या तरुण वानरींसाठी ही आईपणाची उमेदवारीच असते. आईलाही तेवढा वेळ निवांत चरायला मिळतो. इतक्या कोवळ्या बाळाला इतक्या मोकळेपणानं दुसऱ्याच्या हाती देणं बहुतेक माकडांत दिसत नाही.

या फिरवाफिरवीत पिल्लाला वाचवते ती त्याची मूठ. जन्मतःच ते चारही पंज्यांनी मोठ्या वानरीच्या पोटावरचे केस घट्ट पकडतं. ती धावो, उडी मारो, पिल्लू सुटत नाही.

कळपाच्या आयुष्याला एक भीषण बाजूही आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक कर्नाटकातल्या धारवाडजवळ वानरांचा अभ्यास करत होते. बाहेरच्या नरांनी एका कळपावर हल्ला केला, जुन्या हुप्याला हाकललं आणि त्यांतल्या एकानं कळप ताब्यात घेतला. त्यानंतर कळपातली अंगावर पिणारी पिल्लं नव्या नरानं मारली. त्या काळी प्राणी स्वजातीला सहसा मारत नाहीत अशी समजूत होती, त्यामुळे ही नोंद पचायला जड गेली. गर्दीमुळे वानरं बिघडली असावीत, असं अनेकांना वाटलं. हार्वर्डची तरुण विद्यार्थिनी सारा हर्डी हाच विचार मनात घेऊन १९७१ मध्ये राजस्थानातल्या माउंट अबूला आली. अनेक वर्षं कळपांमागे फिरल्यावर तिचं मत पार बदललं.

तिला दिसलेलं गणित कठोर होतं. अंगावर पिणारं मूल असेपर्यंत मादी पुन्हा माजावर येत नाही. हुप्याची सत्ता मात्र सरासरी दोन-सव्वादोन वर्षांचीच. जुन्या नराची पिल्लं मोठी होईपर्यंत नवा नर थांबला, तर त्याच्या स्वतःच्या संततीची वेळ निघून जाते. पिल्लू मेलं की मादी लवकर माजावर येते. हर्डीच्या ‘द लँगूर्स ऑफ अबू’ या १९७७च्या पुस्तकानं हा विचार मांडला आणि मोठा वाद उसळला. जोधपूरला एस. एम. मोहनोत आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनीही अशा घटना नोंदवल्या होत्या. पुढे १९९९ मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली. पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, हे त्यातून दिसलं आणि हर्डीच्या मांडणीला बळ मिळालं.

या कथेत माद्या मुकाट बसत नाहीत, हे हर्डीचं सांगणं सर्वांत महत्त्वाचं आहे. त्या एकजुटीनं नव्या नरावर धावून जातात. म्हाताऱ्या माद्या जिवावर उदार होऊन नातवंडांना वाचवायला पुढे होतात. आधीच गाभण असलेल्या माद्याही नव्या नराशी संग करतात. मग जन्मणारं पिल्लू त्याला परकं वाटण्याचा धोका कमी होतो. वानराची हुशारी पाहायची असेल तर ती इथे पाहावी. दगडानं फळं फोडण्यासारखं कसब वानरात दिसत नाही. कोण कुणाचं, कोण कुणाच्या बाजूनं उभं राहील, कुणापासून किती अंतर ठेवायचं, हे सतत ओळखत राहणं हीच त्याची बुद्धी.

हे सगळं लक्षात घेऊन पुन्हा लवूळकडे पाहिलं, तर सुडाची कथा फार डळमळीत वाटते. एका जातीवर डूख धरून दिवसचे दिवस तिची पिल्लं वेचून मारावीत, असं वागणं वानरांच्या इतक्या दशकांच्या अभ्यासात कुणी दाखवलेलं नाही. दुसऱ्याचं पिल्लू उचलून पोटाशी धरणं, ओढून घेणं, घेऊन उंचावर बसणं, हे मात्र पावलोपावली दिसतं. वानराचं पिल्लू केस पकडून बसतं. कुत्र्याच्या पिल्लाच्या पंज्यात ती पकडच नाही. शिवाय त्याला वर दूध कोण पाजणार? मारण्याच्या हेतूशिवायही ती पिल्लं मेली असावीत, हे स्पष्टीकरण वानराच्या स्वभावाशी जास्त जुळतं. गावकऱ्यांची भीती खरी होती, पिल्लांचे हालही खरे होते. सुडाचं नाव दिल्यामुळे मात्र प्राणी समजून घ्यायची वाट बंद झाली.

जंगलात वानराचं स्थान मानाचं आहे. ताडोबात किंवा पेंचमध्ये सफारीला गेलेल्यांनी ‘कॉल’ हा शब्द ऐकलेला असतो. उंच फांदीवरून वाघ-बिबट्या दिसला की वानर खर्जात खॉक-खॉक करतं. खाली चरणारी चितळं माना वर करतात, गाईड जिप्सी थांबवायला सांगतो. चितळांचा आणखी एक फायदा असतो. वानर अर्धं खातं, अर्धं टाकतं, आणि उन्हाळ्यात हाताला न लागणारा पाला चितळांना आयता मिळतो. उलट जमिनीवर उतरलेल्या वानरांना चितळांच्या तीक्ष्ण नाकाचा उपयोग होतो.

गावाच्या शिवेवर हेच नातं बिघडतं. तूर, हरभरा, संत्री, आंबा, कोवळे नारळ यांचं नुकसान शेतकरी दर वर्षी सोसतो आणि त्याची तक्रार रास्त आहे. पण कळपाला माणसाच्या अन्नाची चटक लावण्यात घाटातल्या गाड्या थांबवून बिस्किटं फेकणाऱ्यांचाही हात आहे. माकडवर्गीय प्राणी माणसाला किती चटकन ओळखतात, हे बंडीपूरमध्ये दिसलं. तिथल्या माकडांनी पर्यटकांपुढे हात पसरून मागायची लकब उचलली. माणूस आपल्याकडे बघतो आहे का, हे पाहून ती हात पुढे करतात, असं बंगळूरच्या संशोधकांनी २०१८ मध्ये नोंदवलं. मागणं फळाला येतं हे एकदा कळलं, की हिसकावणं फार दूर नसतं.

वानराच्या बाबतीत तर प्रश्न त्या कप्प्याकप्प्यांच्या पोटाचाही आहे. पाला हळूहळू आंबवण्यासाठी घडलेल्या जठरात गोड बिस्किट किंवा पोळी पडली, की ती झपाट्यानं आंबते आणि आम्ल वाढून जनावर आजारी पडू शकतं. शनिवारी मारुतीच्या देवळापुढे फुटाणे, केळी, पेढे घेऊन वानरांना बोलावणाऱ्यांच्या मनातला भाव निर्मळ असतो, यात शंका नाही. त्यांनी तो नैवेद्य मारुतीलाच ठेवावा. वानरासाठी काही करायचंच असेल, तर गावाबाहेरच्या पडीक जागेत एखादा वड, एखादा उंबर लावावा आणि तो जगवावा.