फुग्याची जागा आधी!

स्ट्रिप जवळजवळ तयार असते. चार चौकटी, दोन पात्रं, चेहरे मस्त जमलेत, मागे रंगही भरून झालाय. रात्रीचा एक वाजलाय आणि सकाळी पोस्ट टाकायचीय. आता फक्त डायलॉग टाकायचे राहिलेत, आणि नेमका इथेच घोळ होतो. फुगा काढावा तर तो आजीच्या अंबाड्यावर येतो, बाजूला सरकवला तर नातवाचा हात झाकला जातो. अक्षरं लहान करता करता मुंगीएवढी होतात. शेवटी वैतागून निर्णय होतो : मराठी बसत नाहीये यार, इंग्लिशमध्ये टाकू.

मराठी बसते. फक्त तिच्यासाठी जागा आधी धरावी लागते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, तशी!

संवादाचा फुगा म्हणजे चित्रावर चिकटवलेलं लेबल नव्हे, तो चित्राचाच भाग असतो. अमेरिकेत रिचर्ड आउटकॉल्टचा ‘यलो किड’ सुरुवातीला त्याच्या पिवळ्या झग्यावर लिहिलेल्या शब्दांतून बोलायचा. ऑक्टोबर १८९६ मधल्या एका चित्रमालिकेत फोनोग्राफमधून येणारा आवाज आउटकॉल्टने फुग्यांत दाखवला. त्यातली गंमत बघा, कागदावर ‘आवाज’ काढायचा तर त्याला आकार आणि जागा द्यावी लागली. आज मोबाइलवर स्ट्रिप काढतानाही तेच करायचंय.

आधी कोण बोलतं?

समजा, नातू डावीकडे उभा आहे आणि आजी उजवीकडे. आजी विचारते, ‘‘लाडू कुणी संपवले?’’ नातू म्हणतो, ‘‘मांजर असेल.’’ दोन्ही फुगे एकाच उंचीवर ठेवले, तर आपण डावीकडून वाचणारी माणसं आधी ‘मांजर असेल’ वाचणार आणि मग प्रश्न. जोक तिथेच मेला! उपाय दोन. आजीचा फुगा वर आणि नातवाचा खाली ठेवा, कारण वरचा फुगा आधी वाचला जातो. नाहीतर पेन्सिल स्केचमध्येच दोघांच्या जागा बदला. दुसरा उपाय चित्र पूर्ण झाल्यावर करता येत नाही. म्हणून संवाद आधी लिहा, फुगे आधी मांडा आणि मग माणसं उभी करा.

फुग्याच्या शेपटीचंही तसंच. तिचा रोख तोंडाकडे हवा. खांद्याकडे किंवा पोटाकडे नको. ती ओठांना टेकवायची नाही, थोडं आधीच थांबवायची. दोन शेपट्या एकमेकींवरून गेल्या तर पात्रं पुन्हा काढा, कारण वाचणारा तो गुंता सोडवत बसणार नाही. आणि फुग्याखाली काय झाकलं जातंय ते बघा. आकाश, भिंत, पडदा चालेल. हावभाव करणारा हात झाकला तर अर्धं बोलणंच गेलं.

आवाजाचा चेहरा

तुटक रेषेचा फुगा म्हणजे कुजबुज, टोकदार म्हणजे आरडाओरडा, ढगासारखा म्हणजे मनातलं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण अक्षरंही बोलतात. ‘अ‍ॅस्टेरिक्स’मध्ये गॉथ लोकांचं बोलणं जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत येतं आणि वाचतानाच ते कानाला परकं वाटतं. नील गेमनच्या ‘सँडमॅन’मध्ये टॉड क्लाइन यांनी स्वप्नांच्या राजाला काळे फुगे आणि त्यात पांढरी अक्षरं दिली. तो बोलला की चौकटीत अंधार पसरतो. उलट उदाहरणही भारी आहे. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका प्रोग्रामची चाचणी आवृत्ती पाहताना व्हिन्सेंट कॉनेरला दिसलं, की त्यातला कार्टून कुत्रा टाइम्स न्यू रोमनमध्ये बोलतोय, म्हणजे थेट वर्तमानपत्री टायपात! ते त्याला खटकलं आणि त्यातून कॉमिक सॅन्सचा जन्म झाला.

आता स्वतःच्या स्ट्रिपकडे बघा. आपली आजी सरकारी नोटिशीच्या फॉन्टमध्ये तर बोलत नाहीये ना? हाताने लिहिल्यासारखा ‘कलम’ किंवा गुबगुबीत ‘बालू’ हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात. आणि स्वतःचं अक्षर बरं असेल, तर त्याहून चांगलं काहीच नाही.

देवनागरीचं माप वेगळं

जपानी मांगामधले फुगे उंच आणि अरुंद असतात, कारण तिथला मजकूर उभा लिहिला जातो. म्हणजे फुग्याचा आकार लिपीतून येतो. मग आपण इंग्रजीच्या मापाचा फुगा का वापरायचा?

इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुतेक वेळा सगळी अक्षरं कॅपिटल, एका उंचीची असतात. त्यामुळे ओळी एकमेकींना खेटून बसतात. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. वरच्या ओळीतला ‘कू’ खालच्या ओळीतल्या ‘र्की’वर आदळतो. म्हणून दोन ओळींत जास्त मोकळीक ठेवा. दुसरं म्हणजे आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘विचारल्याशिवाय’ हा एकच शब्द अख्खी ओळ खातो. तो मधेच तोडला तर शिरोरेषा तुटते आणि वाचणारा अडखळतो. तेव्हा फुगा जरा रुंद घ्या. वरची-खालची ओळ आखूड आणि मधली लांब ठेवली, की मजकूर गोलात छान बसतो.

कॅपिटल नाहीत, मग जोर कसा द्यायचा? इंग्रजीत त्यासाठी शब्द ठळक करतात. आपल्याकडे त्या कामाला ‘च’ आहे. ‘मी खाल्ले’ आणि ‘मीच खाल्ले’ यांत फरक करायला बोल्डची गरज नाही. ठळक अक्षर खऱ्या ओरडण्यासाठी राखून ठेवा.

एके काळी ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून वेताळ मराठीतही बोलायचा, पण ती चित्रं इंग्रजी संवादांसाठी काढलेली होती. १९९१ मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ आला. त्याचं बोलणं मुळातच मराठीत सुचलेलं होतं, आपल्या वाड्यातल्या-सोसायटीतल्या पोरांसारखं. आज आपल्याकडे टॅब आहे, लेयर्स आहेत, फॉन्ट आहेत. तरी ‘मराठी बसत नाही’ म्हणून आजीला इंग्लिशमध्ये बोलायला लावलं, तर ती आपली आजी राहत नाही.

पोस्ट टाकण्याआधी एक सोपी टेस्ट करा. स्ट्रिप फोनच्या स्क्रीनवर उघडा आणि ती आधी न पाहिलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. आपण गप्प बसायचं, समजावून सांगायचं नाही. वाचणारा अडला, मागे गेला, ‘‘हे कोण बोलतंय?’’ असं त्याने विचारलं, तर दोष त्याचा नाही, फुग्याचा आहे. आणि तो न अडता वाचत गेला, शेवटच्या चौकटीत हसला आणि फुग्यांबद्दल एक शब्दही बोलला नाही, तर समजा, जमलं!