पंच्याहत्तर किलो पाण्याचा हिशेब

पूर्णा जंक्शनवरून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वाटेत वसमत लागते. नदीचेच नाव घेतलेला पूर्णा सहकारी साखर कारखाना तिथला. येलदरी-सिद्धेश्वर धरणांच्या पाण्यावर वाढलेल्या उसाची मोळी गव्हाणीत पडली की बाहेरच्याला दिसतात ट्रॅक्टरच्या रांगा आणि धुराडे. पण खरी गोष्ट घडते ती रस मिलमधून निघाल्यानंतर.

मिल फिरती ठेवणे हे चीफ इंजिनिअरचे काम. रसाची साखर होईपर्यंतची जबाबदारी चीफ केमिस्ट आणि त्याच्या हाताखालच्या मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टची. इतर उद्योगांत ज्याला प्रोसेस इंजिनिअर म्हणतात, तो साखरेच्या धंद्यात या नावांनी वावरतो. यंत्रापेक्षा त्यातून जाणाऱ्या मालावर त्याची नजर असते.

आधी रस गरम करून त्यात चुन्याचे दूध आणि गंधकाचा वायू सोडतात. पीएच सातच्या आसपास राहिला पाहिजे. रस आंबट राहिला तर साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. ती पुन्हा दाण्यात येत नाही, मळीबरोबर जाते. चुना जास्त झाला तर रंग काळवंडतो. साखरेचा उतारा घटला तर त्याचे उत्तर केमिस्टला द्यावे लागते.

मग पाणी काढायचे. समजा, 100 किलो रसात 15 किलो विरघळलेले घन पदार्थ आहेत. साठ टक्क्यांचा पाक हवा, तर 25 किलो पाक उरतो आणि 75 किलो पाण्याची वाफ करावी लागते. साध्या कढईत एवढे आटवायचे तर जळण पुरणार नाही. नॉर्बर्ट रिल्यू या न्यू ऑर्लीन्सच्या अभियंत्याने 1840 च्या दशकात यावर तोड काढली. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला उष्णता देते, दुसऱ्याची तिसऱ्याला. दर पुढच्या भांड्यात दाब कमी, म्हणून रस कमी तापमानालाही उकळतो. चार भांडी असली की तेवढ्याच पाण्याला साधारण चौथा हिस्सा वाफ पुरते. जळणातून वाचलेला उसाचा चोथा वीज करायला मोकळा. आज प्रत्येक कारखान्याचे इव्हॅपोरेटर याच तत्त्वावर चालतात.

शेवटी पॅन, म्हणजे पाकाचा दाणा धरवण्याचे भांडे. इथे यंत्रशास्त्र थोडे बाजूला सरते. पॅनमन सळईने पॅनमधला थेंबभर माल काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो आणि दिव्यासमोर धरतो: दाणा सारखा बसलाय की मध्येच बारीक कण उठलेत? गुऱ्हाळावरचा गुळव्या थेंब पाण्यात टाकून गोळी वळते का पाहतो, त्याच जातीचे हे ज्ञान. ते पुस्तकातून येत नाही, असे या लेखकाचे मत.

पुस्तकाची बाजू मात्र पक्की लागते. रसायन अभियांत्रिकीची पदवी हा सरळ रस्ता. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र जालन्यात आहे. बी.एस्सी. झालेल्यांसाठी पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था साखर तंत्रज्ञान शिकवतात. उष्णता आणि वस्तुमानाचा ताळेबंद मांडता आला पाहिजे, आणि रात्रपाळीची तयारी हवी. हंगामात कारखाना चोवीस तास चालतो.

पूर्णा-वसमत भागातल्या मुलांनी अर्ज भरण्याआधी एकदा गळीत सुरू असताना परवानगी घेऊन कारखाना आतून पाहून यावा. पॅन स्टेशनवर थोडा वेळ जास्त थांबावे.